आपलंच तारापूर

पालघरच्या कोर्टाच्या फाटकात उभं राहून एखाद्याने "तारापूर कोर्ट कुठं हाय हो?" असं विचारलं, तर काय उत्तर द्यायचं हे मला वकिलीच्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

"तारापूरला," मी म्हणाले आणि पुढे निघाले. एका हातात फायली, दुसऱ्या हातात चहाचा कागदी पेला, खांद्यावरून घसरणारी पर्स. अशा अवस्थेत मी यापेक्षा गोड बोलू शकत नाही.

"तारापूरला कोर्ट नाय," मागून आवाज आला. "आमी चिंचणीचे. खाडी ओलांडली की तारापूर. कोर्ट असतं तर दिसलं असतं."

"मग मला कशाला विचारता?"

"तुमी काळा कोट घातलाय म्हनून."

मी वळून पाहिलं. बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट, मनगटावर चिकूच्या चिकाचा काळा डाग, हातात कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर… शाळेत पहिल्यांदाच वेळेवर पोचलेल्या मुलाचा आनंद. पिशवीतून पिकल्या चिकूचा वास येत होता. सकाळी उपाशीपोटी निघालेल्या बाईने अशा वासापासून लांब राहावं. मी नाही राहिले.

"बघू कागद," मी म्हणाले.

त्याने तो कागद असा दिला, जणू लग्नाची पत्रिकाच. गुजराती अक्षरं, कोर्टाचा शिक्का, आजची तारीख, सकाळी अकरा. मी पालघर तालुक्यातल्या पामची. गुजराती बोलायला अडखळले तरी वाचायला येतं. मी खालची ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि मला हसू आवरेना.

"वेळेवर आलोय ना?" त्याने विचारलं.

"अगदी वेळेवर. फक्त राज्य चुकलं."

"म्हंजे?"

"हे तारापूर गुजरातेतलं आहे. तालुका तारापूर, जिल्हा आणंद. इथून तिथे जायला अर्धा दिवस लागेल. आणि आत्ता पावणेअकरा वाजलेत."

त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला, आणि मला आपल्या हसण्याची लाज वाटली.

"गुजरातेत पन तारापूर हाय?" तो म्हणाला.

त्याचं नाव कुंदन. दावा त्याच्या आईवर होता. आईच्या वतीने तो आला होता.

मी त्याला सरळ आमच्या ऑफिसात नेलं. कृष्णकांत सरांनी, म्हणजे माझ्या सीनियरांनी, काहीही न विचारता आणंदच्या एका वकील मित्राला फोन लावला. "अरे, आमचा पक्षकार आला होता बघ वेळेवर, पण दुसऱ्या तारापूरला," असं त्यांनी सांगितलं तेव्हा पलीकडचं हसणं आम्हाला ऐकू आलं. पण त्या भल्या माणसाने धावतपळत जाऊन पुढची तारीख घेतली. एका महिन्याची. नाहीतर त्या दिवशी कुंदनच्या आईच्या गैरहजेरीत काम पुढे सरकलं असतं. तोवर न पाहिलेल्या त्या वकिलाचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

"आता सांगा," सर म्हणाले. "गुजराती कागद बघून शंका नाही आली?"

"आमच्या डहानूला अर्ध्या पाट्या गुजरातीच असतात," कुंदन म्हणाला.

मग त्याने पिशवीतून चिकू काढून टेबलावर ठेवले आणि त्यांच्याखालून करार काढला.

प्रकरण साधं होतं. कुंदनच्या वाडीत चिकू. त्याची आई आणि आणखी पाच बायका चिकूच्या फोडी उन्हात सुकवून त्यांची पूड करायच्या. पाकिटावर नाव 'मंजुळा'. दोन वर्षांपूर्वी त्या दुसऱ्या तारापूरचे एक आइस्क्रीमवाले मेहुलभाई चिंचणीला आले, पूड चाखली आणि खूश होऊन करार केला. त्यांच्या आइस्क्रीमच्या कपावर 'मंजुळा' छापायची परवानगी त्यात दिली होती. कप खूप चालला. आणि आता मेहुलभाई म्हणत होते, नाव आमचं झालं. तुमच्या पाकिटावरून ते काढा.

मी अकरावं कलम वाचलं. या करारातून निघणाऱ्या कुठल्याही वादाला भारताचा कायदा लागू राहील, आणि तो वाद फक्त तारापूर येथील न्यायालयात चालेल. बस. ना जिल्हा, ना राज्य.

"हे वाचून सही केली?" मी विचारलं.

"आईने केली. पन मीच सांगितलं तिला, कर सही, आपलंच तारापूर हाय."

"पण आपल्या तारापुरात कोर्टच नाही, हे तुम्हीच मला फाटकात सांगितलंत!"

"असं बघा वकीलबाई," तो शांतपणे म्हणाला. "तारापूरची एमआयडीसी कुठं हाय? बोईसरला. मंग तारापूरचं कोर्ट पालघरला असंल. तारापूरच्या नावाचं काय तारापुरात असतं?"

सर खुर्चीत मागे रेलून मनमुराद हसले. मला मात्र हसता येईना. इतकं बरोबर तर्कट इतक्या चुकीच्या ठिकाणी माणसाला पोचवू शकतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि ते तर्कट मांडताना त्याच्या डाव्या गालाला किंचित खळी पडत होती, हेही पाहत होते. ते करारात नव्हतं.

"आता हे सोडवायचं कसं?" त्याने विचारलं.

सर गंभीर झाले. "हे बघ. समजा, एखादा वाद दोन-तीन कोर्टांत चालू शकतो. तर त्यातलं एक करारात ठरवून टाकता येतं. दोन दारं असली तर एक निवडा, कायदा अडवत नाही. पण जिथे मुळात भिंतच आहे, तिथे नुसत्या कलमाने दार होत नाही. तुमचा करार चिंचणीला झाला, त्यामुळे इकडे दार आहे. पण मेहुलभाई तिकडे, कप तिकडे विकले जातात, म्हणून तिकडेही आहे. आणि कलम म्हणतं, फक्त तारापूर."

"मंग हरलो?"

"नाही," मी पुढे सरकून म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं, पण मला राहवेना. "करार म्हणजे काय? दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणं. इथे शब्द एकच आहे, गावं दोन आहेत. तुम्ही तुमच्या तारापूरला हो म्हणालात, ते त्यांच्या. मग ठरलं कुठे?"

"मुद्दा खुला आहे," सर म्हणाले. "पक्का नाही. पण मांडण्यासारखा आहे. आणि तो मांडायला जायचं त्यांच्याच कोर्टात."

कुंदन माझ्याकडे बघत होता. "एकच गोष्ट, एकाच अर्थानं," तो हळूच म्हणाला. पाठ करत असल्यासारखं.

जाताना चिकू तिथेच ठेवून गेला. सरांनी दोन घेतले. बाकीचे… मी कुणाला दिले नाहीत, एवढंच सांगते.

---

कुंदनच्या आईचं म्हणणं लिहून घ्यायला मी पुढच्या आठवड्यात चिंचणीला गेले. बोईसरहून एसटीने. कामाला गेले होते हो. घरी तसंच सांगितलं होतं, आणि आईने "कामाला जाताना मोगरा कधीपासून?" असं विचारलं तेव्हा मला एसटी गाठायची घाई झाली.

वाडीत अंगणभर जाळ्यांवर चिकूच्या फोडी पसरल्या होत्या. डिसेंबरचं मऊ ऊन, लांबून समुद्राचा खारा वारा. मी वही उघडली आणि तेवढ्यात आभाळ भरून आलं. अवकाळीचे चार थेंब टप्प टप्प पडले.

"पोरी, धर ती बाजू!" कुंदनची आई ओरडली.

वही फेकली, चपला फेकल्या, आणि मी जाळीचं एक टोक धरलं. दुसरं कुंदनच्या हातात. जाळी पडवीत न्यायची, ठेवायची, परत धावायचं. सहा-सात खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला माझा पाय घसरला, आणि त्याने एका हाताने जाळी सावरली, दुसऱ्याने मला. फोड एकही सांडली नाही.

"आधी जाळी धरलीत की मला?" मी धापा टाकत विचारलं.

"खरं सांगू?"

"कोर्टात शपथेवर सांगतात तसं."

"तुमाला. जाळी आपसूक आली." मग कानाच्या पाळ्या लाल करून तो म्हणाला, "हे लिवून नका घेऊ."

पाऊस पाच मिनिटांत थांबला. माझ्या केसांतून पाणी गळत होतं, मोगऱ्याचा चोळामोळा झाला होता, आणि मला इतकं छान फार दिवसांत वाटलं नव्हतं.

पडवीत बसल्यावर मी विचारलं, "काकू, तुमचं नाव कागदावर सुलोचना आहे. मग मंजुळा कोण?"

काकूंनी पदराने हात पुसले. हात सावकाश पुसले, म्हणजे बोलायचं होतं.

"मीच. माहेरची मंजुळा. लग्नात ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीनं सुलोचना लिवलं. तेव्हापासनं सुलू. रेशनकार्डावर सुलोचना, सातबाऱ्यावर तर तेवडं पन नाय. माझी आई गेली, भाऊ गेला… मंजुळा म्हनून हाक मारनारं कोन राह्यलं नाय. मी पन इसरले होते. ह्या पोराला माझी चौथीची वही घावली माळ्यावर. म्हनला, आई, मंजुळा कोन?"

कुंदन जमिनीकडे बघत होता.

"मी म्हनले, होती एक. तर ह्यानं ते पाकिटावर छापलं. पयलं पाकिट देवापाशी हाय बघ अजून. चाळीस वर्सांनी माझं नाव मला भेटलं पोरी. आता ते म्हनतात, काढा."

मी वहीत एक अक्षरही लिहू शकले नाही. तोपर्यंत मी याला न्यायक्षेत्राचा मुद्दा समजत होते.

"मी केलं हे," कुंदन म्हणाला. "आपलंच तारापूर म्हनालो. नीट वाचलं असतं तर…"

"तर तुम्ही फाटकात मला विचारलं नसतं," मी म्हणून गेले.

काकूंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चहा ठेवायला आत गेल्या. चहाला त्यांनी अर्धा तास लावला. एवढ्या समजूतदार बाईचं नाव कोणी हिरावून घेत असेल, तर मी आणंदच काय, काश्मीरलाही जाणार होते.

---

तारखेच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं बोईसरहून गाडीत बसलो. काकूंनी दशम्या, सुक्या बोंबलाची चटणी आणि "गुजरातेत चहात साखर जास्त असते" ही माहिती बरोबर घेतली होती. उंबरगावच्या आसपास त्यांना डुलकी लागली.

"एक विचारू वकीलबाई?" कुंदन म्हणाला.

"उन्नती."

"नाव ठावं हाय. पन फी घेनाऱ्या मानसाला नावानं हाक मारावी का, ते कळत नाय."

"करारात तशी मनाई नाही."

"मंग, उन्नती…" तो थांबला. खिडकीबाहेर मिठागरं सरकत होती. "लग्न पन करारच ना?"

"कुणाचं?" माझा आवाज अकारण बारीक झाला.

"कुनाचंपन. सर्वसाधारन."

"सर्वसाधारण… नाही. म्हणजे त्यातही दोघांनी एकाच अर्थाने हो म्हणावं लागतं. पण त्यात कलमं नसतात."

"असायला पायजेत. भांडन झालं तर कुठं जायचं, कुठला कायदा… आधी ठरलेलं बरं."

"तुम्ही तर ठरवूच नका. जिल्हा लिहायला विसराल."

तो हसला. ती खळी. मी घाईने फाईल उघडली आणि उलटी धरली. नुसता हात पुढे करून त्याने ती सुलटी केली.

"सही करायच्या वेळी नक्की काय बोलणं झालं होतं?" मी कामावर आले. "आठवून सांगा. शब्द न् शब्द."

त्याने डोळे मिटले. "मेहुलभाई ओटीवर बसलेले. मी अकरावं कलम वाचलं, विचारलं, तारापूर ना? ते हसले, म्हनाले, 'तारापूर तो आपणुं ज गाम!' मी पन हसलो. म्हनलं, हां, आपलंच."

मी फाईल मिटली. "ते 'आपणुं' म्हणाले?"

"हो. मला वाटलं, मोठा मानूस, आमच्या गावाला आपलं म्हनतो, किती चांगला."

आणि मेहुलभाईंना काय वाटलं असेल? की हा चिंचणीचा साधा माणूस आमच्या तारापूरला आपलं म्हणतोय. आमचं म्हटलं असतं, तुमचं म्हटलं असतं, तर तिथल्या तिथे घोटाळा कळला असता. पण दोघांनी समोरच्याला कवेत घेणारा शब्द वापरला. इतक्या आपुलकीने झालेली चूक मी कुठल्याच निकालपत्रात वाचली नव्हती.

---

ते तारापूर छोटंसं निघालं. भाताची शेतं, बसस्थानक, चहाच्या टपऱ्या. काकूंनी सगळीकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "आपल्यासारखंच हाय. नुसता समुद्र इसरलेत."

कोर्टात सरांचे ते आणंदचे वकील मित्र आमच्यासोबत उभे राहिले. त्यांनी गुजरातीत सुरुवात केली आणि कलमाचा मुद्दा मला मांडू दिला. मी हिंदीत मांडला. दोन तारापूर, एक शब्द. एमआयडीसी बोईसरला असण्याचा तर्क सांगितला तेव्हा न्यायाधीशबाईंनी ओठ दाबून धरले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. मग म्हणाल्या, या कोर्टाला हे ऐकायचा अधिकार आहे की नाही ते मी ठरवीन. त्याला तारखा लागतील. त्याआधी तुम्ही एकदा बाहेर बाकावर बसून बोला.

बाहेर बाकावर मेहुलभाई आधीच येऊन बसले होते. पन्नाशीचे, जाडसर, कपाळावर टिळा. ते काही दुष्ट दिसत नव्हते, आणि त्याचा मला रागच आला.

"बेन, मी काय तुमचा चिकू मागतो?" ते त्यांच्या मराठीत म्हणाले. "नाव फक्त. नाव तर काय, तुम्ही दुसरा ठेवा. कोकिळा ठेवा, शर्मिला ठेवा. गोड नावाला काय कमी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकू बोलल्या.

"एकदा ठेवलं होतं दुसरं."

"म्हंजे?"

"सुलोचना. तुमच्या कागदावर हाय ते. नवऱ्यानं ठेवलं, मी घेतलं. तेव्हा कोन विचारत नव्हतं. मंजुळा मीच, मेहुलभाई. मला जल्मल्यावर जे ठेवलं, ते हे. दोनदा कसं देऊ?"

मेहुलभाई बघत राहिले. त्यांना वाटलं होतं, कुणीतरी कारखान्यात बसून छानसा शब्द शोधला आहे. त्या शब्दाने त्यांना आपल्या ओटीवर बसवून चिकू कापून दिला होता, हे त्यांना आत्ता कळलं.

"तमे मंजुळाबेन?" ते हळूच म्हणाले.

कित्येक वर्षांनी कुणी परक्याने तिला त्या नावाने हाक मारली. काकूंनी मान हलवली. डोळे भरले होते, पण त्या हसत होत्या.

मेहुलभाईंनी चष्मा काढून पुसला. "मी त्या दिवशी तुमच्या ओटीवर आपणुं ज गाम म्हणालो," ते म्हणाले, "अने मग नोटीस पाठवली. आपणुं म्हणून." मग आपल्या वकिलाकडे वळून त्यांनी दावा मागे घ्यायला सांगितलं. वकिलांनी काहीतरी समजवायचा प्रयत्न केला, पण मेहुलभाई काकूंसाठी चहा सांगायला उठले होते. साखर खरंच जास्त होती.

त्याच बाकावर नवा करार ठरला. पाकिटावर 'मंजुळा' राहील, कायमची. कपावर 'चिंचणीची मंजुळा' असं छापायचं, आणि तेही तिला विचारून. राहिलं अकरावं कलम.

"तुमचं कोर्ट लिहा," मेहुलभाई म्हणाले.

"नको, तुमचंच," काकू म्हणाल्या.

मेहुलभाई ऐकेनात, काकू ऐकेनात. मग मी लिहिलं: ज्याची तक्रार असेल, त्याने दुसऱ्याच्या गावाला जे कोर्ट लागतं, त्या कोर्टात जायचं. चिंचणी, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, महाराष्ट्र. तारापूर, तालुका तारापूर, जिल्हा आणंद, गुजरात. पिनकोडसकट.

"हे चांगलं हाय," कुंदन वाचून म्हणाला. "दुसऱ्याच्या दारात जायचं म्हटलं की मानूस तक्रारीचा धा वेळा विचार करील."

"त्यासाठीच आहे."

"आनि तरीपन गेला, तर तक्रार खरी समजायची?"

"अगदी खरी," मी म्हणाले. हा प्रश्न कुठे चालला होता, ते मला तेव्हा कळलं नाही. खोटं कशाला बोलू… थोडं कळलं होतं.

---

प्रकरण संपलं आणि कुंदन येईनासा झाला. बरोबरच होतं. काम नसताना वकिलाकडे कोण येतं? मी स्वतःला असं समजावत होते, आणि ऑफिसात कुणी चिकू आणले की उगाच चिडत होते. पंधरा दिवस गेले. सर एकदा म्हणाले, "उन्नती, तू आजकाल पक्षकारांना फाटकातूनच परत पाठवतेस अशी तक्रार आहे." मी नुसतं हुं म्हटलं.

रविवारी सकाळी मी पामला आमच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. फाटक वाजलं. बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट, कापडी पिशवी.

"तक्रार हाय," कुंदन म्हणाला.

माझ्या हातातून ओली ओढणी सुटली. "कुणाविरुद्ध?"

"तुमच्या. म्हनून तुमच्या गावी आलो. कलम अकरा."

"काय… काय तक्रार आहे?"

"तुमी चिंचणीला येत नाय."

"कामाशिवाय कशी येणार?"

"तेच. त्याच्यावर काय इलाज हाय का, विचारायला आलो." त्याने पिशवी खाली ठेवली. हात रिकामे झाल्यावर ते कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. "मी लई दिवस विचार केला. बोलायला एक शब्द घ्यायचा, तर तुमचा अर्थ वेगळा असला तर? मंग परत गुजरात. म्हनून सगळं लिवून आनलंय."

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर चिकाचं एक काळं बोट उमटलं होतं आणि एकच ओळ होती. 'घर: चिंचणी, तालुका डहाणू, जिल्हा पालघर. आपलं.'

मी ती ओळ वाचली. मला वाटतं, मी जन्मात इतका चांगला मसुदा वाचला नव्हता.

"'आपलं' म्हणजे कुणाचं?" मी विचारलं. विचारणं भाग होतं. अनुभव होता ना. "तुमचं आणि काकूंचं?"

"नाय."

"मग?"

"तुमचं अन् माझं," तो म्हणाला. "तुमी हो म्हनलात तर. मला तुमी आवडता, उन्नती. फाटकात कागद वाचून हसलात ना, तेव्हापासनं. तुमचं काय ते सांगा. एकाच अर्थानं हाय का नाय?"

मी खाली पडलेली ओढणी उचलली, झटकली, दोरीवर टाकली. मग ओढणीच्या आडून म्हणाले, "एकाच."

"ऐकू नाय आलं."

"एकाच अर्थाने, हो! आणि लागू कायदा?"

"आईचा," तो म्हणाला.

घरातून माझ्या आईचा आवाज आला, "उन्नती, कोण आलंय गं?" आणि मी मोठ्याने म्हणाले, "आपलेच आहेत!"

---

लग्न चिंचणीला झालं. पत्रिकेवर जिल्हा, राज्य, पिनकोड, सगळं छापलं. मेहुलभाई सहकुटुंब आले, चारशे कप आइस्क्रीम घेऊन, आणि भेटेल त्याला सांगत होते की आ जोडी मारा केसमां बनी, माझ्याच दाव्यात जमली. मी त्यांना वाकून नमस्कार केला तो नुसता रीत म्हणून नव्हे. ज्या कुणी कारकुनाने त्या पहिल्या करारात जिल्हा लिहायचा कंटाळा केला, तो भेटला असता तर त्याच्याही पाया पडले असते.

घरात आल्यावर ताट पुढे आलं. तांदूळ पसरलेले. कुंदनच्या हातात अंगठी. बायका भोवती जमल्या. "काय ठेवतोस रे नाव?" त्याच्या एका आत्याने विचारलं. "काहीतरी चांगलं ठेव, गोड."

कुंदनने सावकाश लिहिलं, 'उन्नती'.

"अरे, हे तर हायच की! नवीन कुठं?"

"हेच," काकू मागून म्हणाल्या. "आमच्यात आता नाव बदलत नाय."

मी कुंदनच्या हातातून अंगठी घेतली. माझ्या नावाशेजारी तांदळात जागा होती. तिथे मी लिहिलं, 'मंजुळा'.

काकू वाकल्या. शाळेत वाचतात तसं बोट खाली धरून त्यांनी एकेक अक्षर वाचलं. मग पदराचं टोक तोंडाशी नेऊन तशाच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने ताट उचलून त्यांनी स्वतःच देवापाशी नेऊन ठेवलं, त्या पहिल्या पाकिटाशेजारी, आणि पुढचे तीन दिवस कुणाला त्या तांदळाला हात लावू दिला नाही.